वरचं टेन्शन, खालचं टेन्शन

शुक्रवार, १

शेजारच्या गाळ्यातल्या छपाईवालीने गेल्या सालची उरलेली डायरी दिली. वार चुकतात, ते खोडून लिहायचे. म्हणाली, "मावशी, वेबसाइटवर रोज काय केलंत आणि त्याचं काय झालं, ते टिपून ठेवा. नाहीतर आठवड्याने मलाच विचाराल, हे मी का केलं होतं." पत्रिका, पावतीपुस्तकं छापता छापता ती हल्ली लोकांच्या वेबसाइटही करून देते. तोंडाची तिखट, मनाची नाही.

एक्केचाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईला वेबसाइटचं खूळ कुठून लागलं, तेही लिहून ठेवते. दुकानासमोरचा बसथांबा चार महिन्यांपूर्वी दोन गल्ल्या पलीकडे नेला. थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाची नजर आमच्या पाटीवर पडायची आणि घरात धूळ खात पडलेली मशीन आठवायची. आता नजरही नाही आणि मशीनही नाही.

आज भाऊजी आले होते. गाळा त्यांचा आणि यांचा, दोघांचा. भाऊजींना तो चष्मेवाल्याला द्यायचा आहे. म्हणाले, "वहिनी, तुमचे डोळे थकले, दादाचा हात थकला. कुणासाठी एवढा खटाटोप?" मी म्हटलं, एक महिना द्या. भाऊजी आयुष्यभर कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर सांभाळून निवृत्त झालेले, तोंडी शब्दावर त्यांचा विश्वास नाही. कॅलेंडरचं पान उलटं करून लिहिलं: "तीस तारखेपर्यंत दहा माणसे नेटवर शोधून आली तर दुकान राहील." खाली दोघांच्या सह्या. वाटेने जाणारा आला तर मोजायचा नाही.

यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. "बरं," म्हणाले.

शनिवार, २

वेबसाइटचा मजकूर यांनी सांगितला, मी लिहिला. "शिवणयंत्र सुधारणा व देखभाल केंद्र." यांचं मराठी पहिल्यापासून इस्त्री केलेलं. छपाईवालीने वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, मशीन बिघडल्यावर बाई नेटवर काय लिहील? शिवणयंत्र सुधारणा? ती लिहील, मशीन टाके सोडते. दोरा सारखा तुटतो. लोक ज्या शब्दांत रडतात त्या शब्दांत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला तुम्ही सापडाल."

हे ऐकून यांना गंमत वाटली. "आपण शिवणयंत्रवाले, ती शोधयंत्रवाली," म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोटी केली. हात थरथरायला लागल्यापासून हे दुकानात येत नाहीत. सकाळी दहा दहा वाजेपर्यंत उठत नाहीत. संध्याकाळी मी घरी गेले की एकच वाक्य विचारतात, "आज काय आलं?" मी सांगते, पायाची होती, पट्टा गेलेला. मग हे बिघाडाचा विचार करत बसतात. दुकान गेलं तर हे संध्याकाळी काय विचारतील, या विचाराने मला भाऊजींचा राग येतो.

मंगळवार, ५

मनावर घेतलं. गिऱ्हाइकं गेली चाळीस वर्षं काय म्हणत येतात ते आठवून पाच पानं लिहिली. मशीन टाके सोडते. खाली गुंता होतो. सुई मोडते. मशीन जड चालते. आणि पाचवं, सगळ्यात जास्त ऐकू येणारं: टेन्शन. शिंपी असो की घरी शिवणारी बाई, दोऱ्याच्या ताणाला दुसरा शब्दच नाही.

मथळा दिला, "टेन्शन कमी कसं करावं?" खाली लिहिलं:

"टेन्शन जास्त झालं की तुटतं. अगदीच सोडून दिलं की गुंता होतो. आधी वरचं बघा, मग खालचं. एकदम पिळू नका. पाव फेरा फिरवा, एक टाका घालून बघा. परत पाव फेरा. तरी जमलं नाही तर फोन करा. फोन करायला लाजू नका. बिघाड सगळ्यांकडे होतो."

छपाईवाली लग्नपत्रिकेच्या घाईत होती. न वाचता चढवलं.

शुक्रवार, ८

अक्षरशः झुंबड. काल आमची वेबसाइट तीनशे बारा जणांनी बघितली. परवापर्यंत अकरा होते आणि त्यातले नऊ आम्हीच. सगळे टेन्शनच्या पानावर. मी छपाईवालीला चहा पाजला.

माणूस मात्र एकच आला, तोही टाके सोडणाऱ्या पानावरून. भाऊजींनी रजिस्टर आणून ठेवलं आहे. रकाने आखले: नाव, वस्तू, बिघाड, कसे आले, तयार कधी. रोज संध्याकाळी येऊन तपासतात, जणू मी परीक्षेत कॉपी करते.

आज टेन्शनच्या पानावरून पहिला फोन आला. पुरुषाचा आवाज, दमलेला.

"ते टेन्शनचं वाचलं."

"हं, बोला. वरचं की खालचं?"

"कळत नाही. सगळंच."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष तसंच चालवताय? रोज चालतं की पडून असतं?"

"पडूनच. सकाळी सुरूच होत नाही."

"तेल शेवटचं कधी घातलंत?"

तो हसला की खोकला, कळलं नाही. "आठवत नाही हो."

"मग आधी झाकण काढा, साचलेला कचरा बाहेर काढा, दोन थेंब तेल द्या. आणि दोन-तीन दिवस नुसतं हळू चालवा. लगेच शिवायला बसवू नका."

"लगेच शिवायला बसवू नका," तो म्हणाला, पाठ केल्यासारखं. आभार मानून फोन ठेवला. मशीन कुठल्या बनावटीची, ते विचारायचं राहिलंच. नंबर "टेन्शन" या नावाने ठेवला.

मंगळवार, १२

एक बाई दोन मशीन घेऊन आली. नेटवर शोधून आली म्हणाली. मी दोन लिहिणार तर भाऊजींनी कॅलेंडरचं पान पुढे केलं. "काय लिहिलंय? माणसे. मशीन नाही लिहिलेलं. माणूस एक."

"भाऊजी, मशीन दोन आहेत."

"वहिनी, लिहिलंय ते लिहिलंय."

दोनाचे एक. मी इतकी चिडले की बॉबिनचा डबा सांडला. भाऊजी वाकून वेचत बसले, त्यांच्या गुडघ्यांचा आवाज ऐकू येत होता. वेचलेल्या बॉबिन लहान-मोठ्या निवडूनही ठेवल्या. तरी हट्ट सोडला नाही.

एकूण दोन माणसं. अठरा दिवस उरले.

गुरुवार, १४

टेन्शनवाल्याचा परत फोन. "तुम्ही सांगितलं तसं हळू चालवलं. काल नाक्यापर्यंत."

मशीन नाक्यापर्यंत का नेली कोण जाणे. कुणाला दाखवायला नेली असेल. म्हटलं, "बाहेर काढलंत ते बरं केलंत. उजेडात बिघाड दिसतो."

"हो. दिसला."

"मग घेऊन या एकदा. मी स्वतः बघते."

"येतो," म्हणाला. मला तिसरा दिसायला लागला.

छपाईवाली आज विचित्र बोलली. तिला म्हणे कळतं, कुठून कोण बघतंय. एकाच घरातून रोज तीस-चाळीस वेळा वेबसाइट उघडली जाते, आणि नेहमी ते टेन्शनचंच पान. घर आमचंच निघालं. यांना विचारलं तर म्हणाले, "आकडा वाढावा म्हणून." मला हसू आलं. म्हटलं, अहो, असं आपल्याच ताटात वाढून का पंगत उठते? यांनी फोन उशीखाली ठेवला.

सोमवार, १८

वाईट दिवस. पाचशे लोकांनी पान बघितलं, फोन सात आले, त्यातले चार न बोलताच ठेवले, आणि दुकानात कुत्रं नाही. आकडा तीनवर अडकला आहे. चष्मेवाला दुपारी टेप घेऊन गाळ्याची मापं घ्यायला आला. माझ्यासमोर. "मावशी, तुमचं चालू द्या," म्हणत माझ्या डोक्यावरून टेप नेली.

नेमका तेव्हाच टेन्शनवाल्याचा फोन. "मावशी, आता सोडून द्यावं म्हणतो. खूप झालं. जमत नाही."

चार दिवसांपूर्वी येतो म्हणालेला हा माणूस आलाच नव्हता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, नुसतं फोनवर किती दिवस चालायचं? आणायचं तर आणा, नाहीतर द्या भंगारात."

त्याने फोन ठेवला. मी चष्मेवाल्याला म्हटलं, टेप त्या बाजूने धर, तिथे भिंत फुगली आहे.

मंगळवार, १९

लिहायला बसते आणि उठते. तिसऱ्यांदा बसले.

छपाईवालीने आज यादी दाखवली. लोक नेटवर कुठले शब्द घालतात आणि आमच्या पानावर येतात, त्याची. मी चष्मा पुसून वाचली. टेन्शन आल्यावर काय करावे. टेन्शनमुळे झोप येत नाही. टेन्शन कमी करण्याचे उपाय. खूप टेन्शन आहे कोणाशी बोलू. अशा अडीचशे ओळी. त्यात मशीन हा शब्द सहा वेळा.

"मावशी, ही माणसं तुमची नाहीत," ती म्हणाली. "येतात, टाका आणि पाव फेरा वाचतात, चार सेकंदांत पळतात. तीही अडतात आणि आपल्या गिऱ्हाइकांनाही आपण सापडत नाही. ते पान काढून टाकूया."

माझे कान बंद झाले होते. पडून असतं. सकाळी सुरूच होत नाही. नाक्यापर्यंत. मी डायरी काढून आठ तारखेपासून वाचली. छपाईवाली खांद्यावरून वाचत होती. अठरा तारखेशी आल्यावर ती मटकन स्टुलावर बसली.

त्याला फोन लावला. बंद. संध्याकाळपर्यंत चौदा वेळा लावला. बंद.

भंगारात द्या म्हणाले मी. जित्याजागत्या माणसाला.

बुधवार, २०

फोन बंद. यांना सगळं सांगितलं. वाटलं, एवढी मशीनवाली म्हणवतेस आणि माणूस ओळखला नाहीस, म्हणतील. हे म्हणाले, "नंबर दे. तुला दुकान आहे. मी लावत राहतो. माझ्या हाताला एवढं जमेल."

दर अर्ध्या तासाने लावतात. बोट थरथरतं, चुकीचा आकडा पडतो, परत पहिल्यापासून. आज सातला उठून बसले होते.

गुरुवार, २१

छपाईवाली अडून बसली आहे. "पान काढा. नऊ दिवस राहिलेत. मला ही भिंत चष्मेवाल्याबरोबर वाटून घ्यायची नाही."

"तो परत शोधत आला तर? मी सापडायला नको?"

"त्याच्याकडे नंबर आहे ना."

"असेल. नसेल तर?"

ती चिडून गेली. तिचंही बरोबर. एका न पाहिलेल्या माणसापायी मी एक्केचाळीस वर्षं पणाला लावते आहे. पण मी उगाच बोलले नसते तर हे झालंच नसतं. आकडा चार.

शुक्रवार, २२

फोन बंद.

शनिवार, २३

मधला रस्ता यांनी काढला. आज हे दुकानात आले. म्हणाले, घरात फोनला नीट आवाज येत नाही, इथून लावतो. आवाज घरातही येतो, मला माहीत आहे. आले तेच बरं. खुर्ची पुसून दिली.

यांनी सुचवलं, पान काढायचं नाही, पाटी लावायची. मथळा बदलला: "शिलाई मशीनचं टेन्शन कमी कसं करावं?" म्हणजे भलती माणसं भलतीकडे वळणार नाहीत. खालचा मजकूर तसाच ठेवला. आणि सगळ्यात वर मी लिहिलं:

"हे पान मशीनच्या टेन्शनचं आहे. टेन्शन तुमचं स्वतःचं असेल तर आज घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. मशीनसुद्धा एकटी बरी होत नाही. आणि अठरा तारखेला जे गृहस्थ माझ्याशी फोनवर बोलले त्यांनी परत फोन करावा. मी चुकले."

छपाईवालीने वाचलं. "दुकानाच्या वेबसाइटवर असं कुणी लिहितं का?" म्हणाली. पण चढवलं. एक अनुस्वारही सुधारला.

बुधवार, २७

मथळा बदलल्यावर बघणारे पाचशेवरून साठवर आले. आणि या साठांत गिऱ्हाइकं आहेत. काल दोन, आज एक. एकीने तर सांगितलं, "मशीन टाके सोडते असं लिहिलं आणि पहिलं तुमचंच नाव आलं." मी तिला सुई फुकट बदलून दिली. आकडा सात.

फोन बंद. यांनी आज दुपारी चुकून चष्मेवाल्याला लावला आणि त्यालाच विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" तो बिचारा हो म्हणाला आणि मग दहा मिनिटं बोलत बसला. त्याचं दुकानही थांबा हलल्यामुळेच बसलं आहे, म्हणून कमी भाड्याचा लहान गाळा हवा आहे म्हणे. आम्हाला कुठे ठाऊक.

छपाईवाली म्हणते, आमच्या घरातून पान उघडणं थांबलं. थांबणारच, यांना आता वेळ कुठे. सकाळी माझ्याआधी चपला घालून उभे असतात. काल माझा हात धरून मला दोऱ्याच्या ताणाची वरची चकती बसवायला लावली. हात थरथरतो, पण कुठे धरायचं ते हाताला पाठ आहे.

शुक्रवार, २९

नऊ.

भाऊजींनी नऊ हा आकडा दोनदा गिरवला. "उद्या सातला बंद करताना बघू," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "वहिनी, उद्या रविवार असता तर बरं झालं असतं. रविवारी लोकांना सवड असते." त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

शनिवार, ३०

सकाळपासून कुणी नाही. दुपारी एक बाई आली, माझ्या जीवात जीव आला. वाटेने आलेली निघाली. भाऊजींनी विचारण्याआधी मीच सांगितलं. खोटं बोलून दुकान राखलं तर रोज शटर उघडताना हात जड होईल.

साडेसहा झाले. चष्मेवाला दाराशी येऊन परत गेला. छपाईवाली छपाई बंद करून आमच्याकडे येऊन उभी होती. हे नंबर लावत होते. पावणेसात.

एक गृहस्थ आत आले. पंचेचाळिशीचे, अंगावर धुतलेला शर्ट, खालचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने स्वतःच लावलेलं. हात रिकामे.

भाऊजींनी रजिस्टर ओढलं. "मशीन कुठे आहे?"

"मशीन नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही म्हणालात, आणायचं तर आणा."

आवाज ओळखला आणि माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवायचं मला सुचेना. यांनी खुर्ची पुढे केली. स्वतःची.

गृहस्थ हळूहळू बोलले. त्या दिवशी माझं बोलणं फार लागलं म्हणे. एवढा राग दीड वर्षात पहिल्यांदा आला. त्या रागात आंघोळ केली आणि बहिणीकडे गेले. तिने फोन काढून घेऊन बंद केला, डॉक्टरांकडे नेलं. औषध चालू आहे. झोप लागते आहे.

"माझा नंबर?" मी म्हटलं.

"फोन बहिणीकडेच, ती देत नाही. नंबर पाठ नव्हता. तिच्या फोनवर शोधलं. टेन्शन घातलं तर दुसरंच काहीबाही येतं. मग आठवलं ते लिहिलं, पाव फेरा फिरवा, एक टाका घालून बघा. मग सापडलात. वर ती ओळ होती."

"मी चुकले हो. मला वाटलं मशीन."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं मशीनचं दुकान आहे ते," ते म्हणाले. "पण तुम्ही विचारलंत, तेल शेवटचं कधी घातलंत. असं मला कुणी विचारलं नव्हतं."

यांनी मान फिरवून बॉबिनच्या डब्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डबा तर नीट लावलेला होता.

मग भाऊजींनी घसा साफ केला. "म्हणजे आपण नेटवर शोधून आलात."

"हो."

"तीस तारखेला, सातच्या आत."

"किती वाजले?" छपाईवालीने विचारलं.

"सातला चार कमी आहेत." भाऊजींनी कॅलेंडरचं पान काढलं, उलगडलं, बोट ठेवून वाचलं. "दहा माणसे. मशीन नाही लिहिलेलं. वहिनी, लिहिलंय ते लिहिलंय."

पेनाचं टोपण काढून त्यांनी सावकाश एकेक रकाना भरला. मी चष्मा पुसून वाचलं.

अनुक्रमांक दहा. वस्तू: स्वतः. बिघाड: टेन्शन. कसे आले: शोधून.

तयार कधी, या रकान्यापाशी भाऊजी थांबले. त्यांनी गृहस्थांकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं: सावकाश.